वीस मिनिटे आणि काचेची नळी

माझ्या एमडीच्या प्रबंधाचा विषय घरातल्यांना तर किरकोळ वाटलाच, पण माझ्याबरोबरच्या काही निवासी डॉक्टरांनाही तो तसाच वाटला. हृदयविकाराचा झटका, मेंदूतील रक्तस्राव, सेप्सिस असे भारदस्त विषय हाताशी असताना मी निवडले होते दोन मिलिलिटर रक्त, एक काचेची चाचणीनळी आणि वीस मिनिटे. साप चावलेल्या माणसाचे रक्त गोठते की नाही हे पाहण्याची ही चाचणी आपत्कालीन विभागात इतकी रोजची झाली आहे, की तिच्याविषयी आणखी काही शोधायचे उरले असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मलाही आली नव्हती. पहिल्या वर्षाच्या जुलैमध्ये माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यातून हा विषय निघाला.

आमच्या रुग्णालयात सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांतून रुग्ण येतात. पाऊस सुरू झाला आणि भाताची लावणी लागली, की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात आणि ते सुगी होईपर्यंत येतच राहतात. मी शहरात वाढलेली असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. एका म्हाताऱ्याने नातवाला खाटेवर ठेवत “पान लागलंय पोराला” असे सांगितले आणि मी विचारले, “कसलं पान? काय खाल्लं त्याने?” शेजारच्या सिस्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. सापाचे नाव रात्री घेऊ नये म्हणून ‘पान लागलं’, ‘जनावर चावलं’, ‘लांबडं होतं’ असे बोलले जाते, हे मला त्या रात्री कळले. वैद्यकीय इतिहास कसा विचारावा याची पुस्तके आम्ही पाठ केलेली असतात, पण रुग्ण पुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. त्यानंतर मी एक छोटी वही खिशात ठेवू लागले. तिच्या पहिल्या पानावर औषधांच्या मात्रांऐवजी हेच शब्द आहेत.

जुलैमधली ती बाई पन्नाशीची होती. दुपारी चिखलात रोप लावताना घोट्याजवळ काहीतरी टोचले, दोन ठिपके दिसले, थोडी सूज आली. घरच्यांनी आधी कडुलिंबाचा पाला चावायला दिला होता. पाला कडू लागला तर विष चढले नाही आणि गोड लागला तर चढले, अशी ती परीक्षा असते. तिला पाला कडू लागला होता, म्हणून तासभर कोणी हलले नव्हते. मी मनातल्या मनात त्यांना नावे ठेवत रक्त काढले, नळीत सोडले आणि नळी ट्रेमधल्या स्टँडवर उभी केली. तेवढ्यात मोटारसायकलच्या अपघातातले दोघे एकदम आत आले. मध्येच मी एकदा येऊन नळी हलवून पाहिली आणि परत गेले. पुन्हा आले तेव्हा ती तिरकी केली, तर तळाशी लालसर, थलथलीत गोळा होता आणि त्याच्यावर पातळ रक्त फिरत होते. मी केसपेपरवर ‘गोठले’ असे लिहिले आणि तिला निरीक्षणाखाली ठेवले.

साडेचार तासांनी तिने सिस्टरांना सांगितले की लघवी कुंकवासारखी झाली आहे. हिरड्यांतून रक्त झिरपत होते आणि सुई टोचलेल्या जागेचा कापूस भिजला होता. ती घोणस होती. सर्पविषरोधक लस, म्हणजे आमच्या बोलीतली एएसव्ही, तिला तेव्हा मिळाली. मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यामुळे काही वेळा डायलिसिस करावे लागले आणि तिसऱ्या आठवड्यात ती चालत घरी गेली. लस आधी मिळाली असती तर मूत्रपिंडे पूर्णपणे वाचली असती असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण घोणसीचे विष लस लवकर देऊनही मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते. मात्र तिला विष चढले आहे की नाही या प्रश्नाचे चुकीचे उत्तर माझ्या अक्षरात केसपेपरवर होते आणि कडुलिंबाच्या पाल्याला हसण्याचा माझा अधिकार त्या दिवशी संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत विभागप्रमुख सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारले, “रक्त नळीत किती वाजता टाकलंस? किती वाजता पाहिलंस? कुठे लिहिलंयस?” कुठेच लिहिलेले नव्हते. “मग चाचणी झाली असं धरता येणार नाही,” एवढे म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

चाचणी कशी चालते हे आम्हाला शिकवलेले होते, पण मला ते खऱ्या अर्थाने समजले ते या प्रसंगानंतर. घोणस आणि फुरसे यांच्या विषात रक्त गोठवणाऱ्या साखळीला भलत्याच वेळी चालना देणारे घटक असतात. घोणसीचे विष त्या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला जागे करते, तर फुरशाचे विष त्याच साखळीतल्या प्रोथ्रोम्बिन या घटकावर थेट काम करते. शरीरभर नको तिथे सूक्ष्म प्रमाणात गोठण्याची क्रिया चालू होते आणि थोड्या वेळात गुठळी बांधणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचा साठाच संपतो. मग जिथे गोठायला हवे तिथे गोठायला काही उरत नाही. अशा रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवले तरी ते पाण्यासारखे वाहते. निरोगी माणसाचे रक्त काचेला लागताच बारावा घटक जागा होतो, पुढची साखळी सुरू होते आणि वीस मिनिटांत घट्ट गोळा तयार होतो. म्हणजे काच हा चाचणीचा निम्मा भाग आहे. प्लॅस्टिकच्या नळीत ही चालना नीट मिळत नाही. काचेची नळी धुण्याच्या पावडरीने धुतलेली असली तरी तोच घोटाळा होतो, आणि निरोगी रक्तही पातळ राहून माणूस विषबाधित ठरतो. उलट नळी मध्ये मध्ये हलवली, वेळेआधी पाहिली किंवा अर्धवट गोळ्याला ‘गोठले’ म्हटले, तर निकाल कोणत्याही बाजूला झुकू शकतो. माझ्या नळीतला थलथलीत गोळा हे फायब्रिनोजेन संपत आल्याचे लक्षण होते आणि मी ते उलटे वाचले होते.

ग्रंथालयात शोधायला बसल्यावर लक्षात आले की ही चाचणी आपल्याकडे बरीच फिरून आली आहे. डेव्हिड वॉरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये नायजेरियातल्या, आपल्या फुरशाच्या कुळातल्या सापाच्या दंशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खाटेशेजारी करता येणारी ही साधी तपासणी वापरली होती. ब्राझीलमधल्या एका गटाने 1994 मध्ये तिथल्या सापांच्या बाबतीत ती फायब्रिनोजेनच्या पातळीशी ताडून पाहिली. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केले ते श्रीलंकेतल्या कामाने. तिथे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयाच्या नेहमीच्या धबडग्यात केलेल्या चाचणीने रक्त बिघडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना पकडलेच नव्हते. काही वर्षांनी तिथेच, पद्धत नेमकी ठरवून आणि प्रशिक्षित माणसांकडून करून घेतल्यावर तीच चाचणी अशा 80 टक्क्यांहून अधिक रुग्णांना पकडू लागली. सापही साधारण तेच होते, देशही तोच होता. करण्याची रीत तेवढी बदलली होती. मला माझा विषय मिळाला. आमच्या विभागात, आमच्या नळ्यांनी आणि आमच्या रात्रपाळीच्या माणसांनी केलेली ही चाचणी प्रयोगशाळेतल्या आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या तपासणीच्या, तुलनेत किती विश्वसनीय ठरते, हे मला पाहायचे होते.

सरांनी विषय ऐकला आणि बावस्करांचे लेख वाचायला सांगितले. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव कोकणात घरोघरी ठाऊक आहे, पण त्यांचे मूळ शोधनिबंध मी तोवर वाचले नव्हते. लाल विंचवाच्या दंशानंतर माणूस घामाने डबडबतो, ओकतो, त्याचे हातपाय गार पडतात आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तो दगावतो, हे त्या भागात सर्वांनी पाहिलेले होते. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, ओकाऱ्या यांच्या नोंदी तासातासाला ठेवल्या. हृदयावरच्या संकटाची पूर्वसूचना देणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1982 मध्ये आला. विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली. त्याविषयीचे लेखन 1986 मध्ये त्याच नियतकालिकात छापून आले. पुढे 2011 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 70 रुग्णांवरची यादृच्छिक चाचणी ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध केली. विंचवाच्या विषावरची लस प्राझोसिनच्या जोडीला दिली तर रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर सावरतो, असे तिच्यातून दिसले. डॉ. हिम्मतरावांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. ही सगळी माहिती तशी कोणालाही मिळू शकते. मला मात्र त्या लेखांमधले तक्ते पाहताना सरांचा प्रश्न आठवत राहिला, कारण तिथे प्रत्येक निरीक्षणाशेजारी वेळ होती.

आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतात मान्य झाली ती 2009 मध्ये. तोपर्यंत, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी, ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे ज्याची पाळी असेल त्याने रुग्ण पाहून योग्य त्या वॉर्डात पाठवण्याची जागा. त्यामुळे या शाखेत संशोधनाची घडी नवी आहे आणि अडचणी जुन्या आहेत. प्रबंधाचा आराखडा एथिक्स कमिटीपुढे गेला तेव्हा समितीवरच्या एका वकील सदस्यांनी मला बराच वेळ उभे केले. “साप चावलेला माणूस जिवाच्या भीतीने तुम्ही पुढे कराल त्या कागदावर सही करेल. तिला संमती म्हणायचं का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी आराखड्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. नळीची चाचणी, आयएनआर आणि उपचार प्रत्येक रुग्णाला मिळणारच, ते सहीवर अवलंबून नाहीत. संमती मागायची ती फक्त त्याच्या नोंदी अभ्यासात वापरण्यासाठी. आणि रुग्ण सावरल्यावर, घरी जाण्याआधी, त्याला पुन्हा विचारायचे. तो नको म्हणाला तर त्याचे पान अभ्यासातून काढून टाकायचे.

संमतीपत्रकाच्या मराठीने माझी आणखी परीक्षा घेतली. पहिला मसुदा इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून झाला होता आणि त्यात ‘सहभागी व्यक्तीस संभाव्य लाभ’ अशी वाक्ये होती. एका आजींना ते वाचून दाखवल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “बाय, हे समदं ऱ्हाऊ दे. रगत कितींदा काढणार आन् पैसं पडणार का, तेवढं सांग.” मी त्याच रात्री पत्रक नव्याने लिहिले. त्याची सुरुवात या दोन प्रश्नांच्या उत्तरांनी केली आणि समितीकडून ते पुन्हा मंजूर करून घेतले. त्यासाठी दीड महिना गेला.

नळ्यांचे प्रकरण मला सोपे वाटले होते. विभागात काचेच्या नळ्या होत्या, पण त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जात. वापरलेल्या नळ्या बादलीत जमा होत आणि वॉर्डबॉय मामा त्या धुण्याच्या पावडरीने इतक्या मनापासून घासत की त्या लख्ख दिसत. मी त्यांना पावडर वापरू नका म्हणाले तेव्हा ते दुखावले. “मॅडम, रक्ताच्या नळ्या नुसत्या पाण्यानं धुवायच्या? उद्या तुम्हीच वास आला म्हणाल.” त्यांचे बरोबर होते. नळ्या धुऊन वापरायच्याच नाहीत, हा उपाय त्यांच्या हातात नव्हता. मी आणि माझ्या सहनिवासीने शहरातल्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून कोऱ्या काचेच्या नळ्यांचे खोके स्वतःच्या पैशांनी आणले. वापरलेली नळी थेट काचेच्या कचऱ्यात जाईल अशी व्यवस्था सिस्टर-इन-चार्ज यांनी केली. स्वयंपाकघरात कुकरसाठी वापरतात तसले टिकटिक करणारे दोन टायमर घेतले आणि नळीच्या स्टँडला दोऱ्याने बांधले, कारण विभागातली बांधून न ठेवलेली कोणतीही वस्तू पाच मिनिटांत गायब होते.

मग रीत ठरवली. रक्त काढले की लगेच नळीत सोडायचे, सिरिंजमध्ये ठेवून द्यायचे नाही. निळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची बाटली बरोबर खुणेपर्यंत भरून आयएनआरला पाठवायची, कारण रक्त कमी भरले तर सायट्रेटचे प्रमाण जास्त होऊन तोही निकाल बिघडतो. टायमर लावायचा आणि वाजेपर्यंत नळीला बोट लावायचे नाही. वाजला की एकदाच तिरकी करायची. पूर्ण घट्ट गोळा असेल तरच ‘गोठले’; बाकी काहीही असले तरी ‘गोठले नाही’. निकाल पेनाने लिहायचा, वेळेसह, आणि आयएनआर आल्यावर त्याला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम लिहिताना मला हसू आले होते, पण दुसऱ्याच आठवड्यात एका कनिष्ठाने आयएनआर पाहून नळीचा रकाना ‘दुरुस्त’ केला. त्याचा हेतू वाईट नव्हता. आपली चूक नोंदवहीत राहू नये असे त्याला वाटले, आणि मला तर ती चूकच नोंदवहीत हवी होती.

सिस्टरांनी रीत कशी आपलीशी केली, हे मी विसरणार नाही. पहिल्या आठवड्यात टायमर वाजला की मी धावत यायचे. महिन्याभराने मी अपघातग्रस्ताच्या छातीत नळी घालत असताना पलीकडून आवाज आला, “मॅडम, खाट तीन, वीस झाली, पातळ आहे, नऊ वाजून बारा लिहिलंय. एएसव्ही काढते.” एएसव्हीची बाटली कोरड्या भुकटीची असते आणि तिच्यात पाणी घालून ती हलक्या हाताने गोल फिरवत विरघळवावी लागते, घुसळली तर फेस होतो. सुरुवातीला दहा बाटल्या द्यायच्या म्हणजे दहा वेळा हा उद्योग. मूल असो की मोठा माणूस, मात्रा तीच, कारण साप दोघांना सारखेच विष देतो. लस सुरू केली की पहिला तास खाटेपासून हलता येत नाही. अंगावर गांधी उठणे, घसा घरघरणे, रक्तदाब कोसळणे यांपैकी काहीही होऊ शकते आणि तेव्हा मांडीत द्यायचे अॅड्रेनॅलिन भरून ठेवलेलेच असावे लागते. नळीने चुकून ‘पातळ’ म्हटलेल्या निरोगी माणसाला आपण हा धोका फुकट पत्करायला लावतो, हे त्या तासात खाटेशेजारी उभे राहिले की नीट कळते. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी लावायची, कारण संपलेले फायब्रिनोजेन पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. त्याआधी पाहून घाबरण्यात अर्थ नसतो.

सप्टेंबरमध्ये एके पहाटे साडेपाचला बारा वर्षांचा एक मुलगा 108 च्या रुग्णवाहिकेतून आला. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखते म्हणून उठलेला, एकदा ओकलेला. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन दिले होते. अंगावर खूण नाही, सूज नाही. मी सवयीने नळी लावली आणि ती वीस मिनिटांत छान गोठली. पण तो माझ्याशी बोलताना मान थोडी मागे टाकून खालून पाहत होता, कारण त्याच्या पापण्या वर जात नव्हत्या. मी त्याला एका दमात आकडे मोजायला सांगितले. तो एकवीसपर्यंत गेला. आई म्हणाली, “झोप झाली नाय, म्हणून डोळं मिटतंत त्याचं.” वीस मिनिटांनी तो चौदावर अडला आणि त्यानंतर दहावर. जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र आल्या की मण्यार. तिच्या दातांची खूण बहुधा दिसतही नाही आणि तिचे विष नसांच्या टोकांवर बसून स्नायूंना मिळणारा निरोप तोडते. रक्ताला ते हात लावत नाही. आम्ही लस सुरू केली आणि तो सातवर आला तेव्हा श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरला जोडला. मण्यारीत एकदा लुळेपणा चढला की लस तो पटकन उतरवू शकत नाही. श्वास चालू ठेवून वाट पाहावी लागते. पाचव्या दिवशी त्याने भुवया हलवल्या, सातव्या दिवशी नळी निघाली. माझ्या अभ्यासाच्या नोंदवहीत त्याची चाचणी ‘गोठले’, आयएनआर सामान्य, म्हणजे चाचणी बरोबर, अशी बसली. त्या रकान्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. नळीने तिला विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते, पण मुलाच्या जिवाचा प्रश्न वेगळाच होता. प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात मी यासाठी एक परिच्छेद घातला. मार्गदर्शकांनी तो विषयाला सोडून आहे म्हणून काढायला लावला आणि मी तो परिशिष्टात पुन्हा घातला.

नियंत्रण नळीची कल्पना माझी नाही, ती जुनीच आहे. रुग्णाबरोबर त्याच्या एखाद्या निरोगी नातेवाइकाचेही रक्त दुसऱ्या नळीत लावायचे. सुरुवातीला मी ती ऐच्छिक ठेवली होती, कारण घाबरलेल्या भावाला किंवा दिराला आणखी सुई टोचणे जिवावर येते. ऑगस्टमध्ये आमच्या कोऱ्या नळ्या संपल्या आणि दोन रात्री कोणीतरी जुन्या कपाटातल्या नळ्या वापरल्या. दुसऱ्या रात्री आलेल्या एका शेतमजुराची नळी पातळ राहिली. त्याला सूज नव्हती, रक्तस्राव नव्हता, आणि त्याने मारून पिशवीतून आणलेला साप मला बिनविषारी दिवड वाटत होता. मारलेला साप आणायला आम्ही कधीच सांगत नाही. त्यात वेळ जातो आणि मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते. सापाच्या ओळखीवर विसंबायचे नाही असे ठरलेले, आणि नळी तर विष आहे म्हणत होती. मी त्याच्या भावाचे रक्त त्याच खोक्यातल्या नळीत लावले. वीस मिनिटांनी तेही पातळ. दोघे भाऊ माझ्याकडे आणि मी नळ्यांकडे पाहत होते. तिसरी नळी मी माझ्या रक्ताने भरली. सिस्टरांनी ते काढताना, “मॅडम, आता तुम्हालाही एएसव्ही देऊ का?” असे विचारले. माझेही रक्त गोठले नाही. शेजारच्या विभागातून आणलेल्या कोऱ्या नळीत तिघांचेही रक्त व्यवस्थित गोठले. त्या शेतमजुराच्या दहा बाटल्या वाचल्या आणि नियंत्रण नळी सक्तीची झाली.

माझ्या प्रबंधातले आकडे मी इथे देत नाही. एका रुग्णालयातल्या दोन पावसाळ्यांच्या नोंदींवरून इतरांनी काही ठरवावे एवढे ते मोठे नाहीत आणि अर्ध्या रात्रींचे आयएनआर इतके उशिरा आले की तुलना करतानाच मला पुष्कळ पाने गाळावी लागली. एवढे सांगते की चुकांचा मोठा भाग विषाच्या स्वभावात नव्हता, तो घड्याळात, नळीत आणि वाचणाऱ्याच्या घाईत होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो पहिल्यापेक्षा लहान झाला. तरीही काही रुग्ण असे राहिले, की ज्यांच्या बाबतीत सगळे नियम पाळूनही नळीने ‘गोठले’ म्हटले आणि आयएनआर दीडच्या वर, म्हणजे बिघडलेला, निघाला. सौम्य बिघाड ही नळी पकडू शकत नाही. म्हणून आता आमच्याकडे पहिली नळी गोठली तरी रुग्णाला घरी सोडत नाहीत. सुरुवातीचे काही तास दर तासाला, नंतर सहा-सहा तासांनी नळी लावतात आणि चोवीस तास ठेवून घेतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही निरीक्षणाचा असाच आग्रह आहे. तो भिंतीवर छापून लावलेला होता आणि माझ्या पहिल्या जुलैमध्येही तिथेच होता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळून विचारले, “यात नवीन काय आहे?” मी दोन वर्षे या प्रश्नाची तयारी केली होती, तरी उत्तर ऐनवेळी वेगळेच आले. मी म्हणाले, “सर, आमच्या विभागात आता नळीशेजारी वेळ लिहिलेली असते.” त्यांनी चष्म्यावरून पाहिले, “ठीक आहे,” म्हणाले आणि पुढचा प्रश्न ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेवर विचारला. मी पास झाले. माझी प्रत ग्रंथालयात आहे.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. केंद्र सरकारने हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा 2024 मध्ये जाहीर केला. आता मी दुसऱ्या जिल्ह्यात काम करते. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी जुन्या विभागात गेले, तेव्हा सवयीने आधी ट्रेकडे गेले. टायमर तिथेच, त्याच दोऱ्याला बांधलेला होता. स्टँडमध्ये मात्र सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. सिस्टर म्हणाल्या की नव्या खरेदीत स्वस्त पडल्या म्हणून याच आल्या, लेखी कळवले आहे, उत्तर आलेले नाही. पहिल्या वर्षाची एक निवासी डॉक्टर बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने तिचा ॲप्रनचा खिसा उघडून दाखवला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा कोऱ्या काचेच्या नळ्या होत्या. “जीवरसायन विभागातून मागून आणते, मॅडम,” ती म्हणाली, “रात्रपाळीपुरत्या.”